चामाचा चढ: कंब्रेस अँड टोल्टेक रेल्वे आणि तिच्या दोन टोकांची दोन गावं

कर्जतला गाडीच्या शेपटीला बँकर इंजिनं, म्हणजे घाट चढताना मागून ढकलणारी इंजिनं, लागताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना चामा हे गाव एका वाक्यात समजतं: घाटाच्या पायथ्याचं ठाणं. न्यू मेक्सिकोच्या उत्तर टोकाला, कोलोरॅडोच्या सीमेलगत हे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत वस्ती ९१७. गावाला महत्त्व येण्याचं कारण एकच, इथून पूर्वेकडे निघालेली गाडी पहिल्या साडेतेरा मैलांत २,१५२ फूट वर चढते. सर्वांत तीव्र चढ १:२५ चा, म्हणजे पंचवीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. भोर घाटात तो १:३७ आहे. माथेरानची गाडी १:२० वर चढते हे खरं, पण ती चिमुकली. इथे ऐंशी-पंच्याऐंशी टनांची इंजिनं आणि भरलेल्या वाघिणी चढवायच्या होत्या, आणि तेही दातेरी रुळाच्या मदतीशिवाय.

कंब्रेस अँड टोल्टेक सीनिक रेल्वेच्या प्रवासाबद्दल लिहिताना हा चढ आधी सांगावा लागतो. तिकीट काढणारे बहुतेक जण दरी आणि पानगळ बघायला जातात, आणि मग नेमका चढ वगळणारं तिकीट घेऊन येतात. ती चूक टाळता यावी म्हणून हे सविस्तर.

मार्ग ६४ मैलांचा, म्हणजे सुमारे १०३ किलोमीटर. एका टोकाला कोलोरॅडोतलं अँटोनिटो, दुसऱ्या टोकाला चामा. मधे कंब्रेस खिंड, १०,०१५ फूट, म्हणजे ३,०५३ मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. चामाचं स्टेशनच तिच्यापेक्षा साडेसातशे मीटर उंचावर आहे. गाडी वाटेत दोन राज्यांची सीमा अकरा वेळा ओलांडते. रुळांमधलं अंतर तीन फूट, ९१४ मिलिमीटर. मैलाचे दगड आजही डेन्व्हरपासून मोजलेले आहेत: अँटोनिटो २८०, ओझियर ३१८, कंब्रेस ३३०, चामा ३४४. हे आकडे लक्षात ठेवले तर नकाशाशिवायही आपण कुठे आहोत ते कळतं.

मार्ग बांधला डेन्व्हर अँड रिओ ग्रांड कंपनीने, १८८० मध्ये, सान हुआन डोंगरांतल्या चांदीच्या खाणींपर्यंत पोहोचायला. वर्ष संपता संपता रूळ चामाला आले, १८८१ च्या उन्हाळ्यात ड्युरँगोला आणि १८८२ मध्ये सिल्व्हरटनला. अरुंद रूळ निवडले ते काटकसरीसाठी. वळण जितकं आवळता येईल तितका डोंगर कमी फोडावा लागतो, बोगदे टळतात, पूल लहान होतात. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि ज्या मालासाठी हा खटाटोप केला तोच आटला. मग लाकूड, मेंढ्या, गुरं, कोळसा, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फार्मिंग्टनच्या तेल-वायू विहिरींसाठी लोखंडी नळ्या, यांवर मार्ग तगला. प्रवासी गाडी ३१ जानेवारी १९५१ ला बंद झाली. मालगाड्या १९६८ मध्ये थांबल्या.

पुढची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आज जे दिसतं त्याचं मूळ तिच्यात आहे. १९७० मध्ये कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्य सरकारांनी मिळून ६४ मैल रूळ, नऊ इंजिनं, शंभरावर डबे-वाघिणी आणि वाटेतल्या इमारती ५,४७,१२० डॉलरना विकत घेतल्या. १९७१ पासून पर्यटक गाड्या सुरू झाल्या. मधे गेली फक्त दोन-तीन वर्षं. त्यामुळे चामाच्या यार्डात जे उभं आहे ते गोळा करून मांडलेलं संग्रहालय नाही. मालगाड्या थांबल्या तेव्हा जे जिथे होतं, त्यातलं बरंचसं तिथेच राहिलं. २०१२ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

म्हणून पहिली शिफारस: गाडी दहाला सुटत असेल तर यार्डात सातला पोहोचा. तिकीट नसलं तरी यार्डात फिरता येतं. स्टेशनवर यार्डाचा नकाशा असलेलं माहितीपत्रक मिळतं, ते घ्या. इंजिनांवर आणि वाघिणींवर चढायचं नाही, आणि रुळांवर उभं राहून फोटो काढायचे नाहीत. एवढं पाळलं की कोणी हटकत नाही.

सकाळी बघण्यासारखं म्हणजे इंजिन तयार करण्याचा क्रम. रात्रभर कोणीतरी आग जिवंत ठेवलेली असते, कारण थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्रा आणि नळ्या असमान फुगतात, सांधे गळायला लागतात. पहाटे राख काढतात, जाळी मोकळी करतात, मग टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, भरतात. कोळशाचा लाकडी मनोरा १९२४ चा, यार्डातली सर्वांत ठसठशीत वास्तू. आता मात्र कोळसा भरायला साधा यांत्रिक लोडर वापरतात. मनोऱ्याखाली इंजिन उभं राहिलेलं दिसलं तर ते बहुधा छायाचित्रकारांसाठी. पाण्याच्या टाकीला दोन्ही बाजूंना सोंडा आहेत, म्हणजे दोन रुळांवरची इंजिनं पाणी घेऊ शकत. वाळूची कोठी पाहायला विसरू नका. १:२५ वर ओल्या रुळावर चाकं फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. त्यावर उपाय एकच, चाकापुढे कोरडी वाळू सोडायची. ओली वाळू नळीत अडकते, म्हणून ती आधी भाजून वाळवावी लागायची.

लोको शेडचे आता दोनच कप्पे उरले आहेत. तिथलं दुरुस्तीचं काम दारातून जेवढं दिसेल तेवढं बघावं.

बर्फ फोडणारा फिरता नांगर, 'ओवाय' या नावाचा, १९२३ चा आहे. त्याच्या पोटात बॉयलर असतो, पण ती वाफ फक्त पुढचं पातं फिरवते. चाकांना जोर नाही. मागून दोन-तीन इंजिनं त्याला ढकलतात. कंब्रेसला बर्फ इतका पडतो की वर इंजिनं वळवण्याचा त्रिकोणी मार्ग लाकडी छपराखाली घातला होता. त्या छपराचा तुकडा अजून उभा आहे. २०२० च्या हिवाळ्यात हा नांगर पुन्हा चालवला तेव्हा ते बघायला लांबून लोक आले होते. नेहमीच्या हंगामात तो उभाच असतो.

आता इंजिन. बहुतेक गाड्या के-३६ जातीचं इंजिन ओढतं. १९२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्याने अशी दहा बनवली, क्रमांक ४८० ते ४८९. त्यांतली पाच, म्हणजे ४८३, ४८४, ४८७, ४८८ आणि ४८९, या रेल्वेकडे आहेत. 'के' हे चाकांच्या रचनेचं अक्षर (पुढे दोन, मधे जोराची आठ, मागे दोन), आणि ३६ म्हणजे ओढण्याची ताकद, छत्तीस हजार पौंडांच्या घरात. जोराची चाकं अवघी ४४ इंच व्यासाची: वेग नको, जोर हवा. नीट बघितलं तर दिसेल की चाकं चौकटीच्या आत आहेत आणि दांडे बाहेर फिरतात. रूळ अरुंद ठेवूनही बॉयलर आणि अग्निपेटी रुंद करण्याची ही युक्ती. टेंडरमध्ये पाच हजार गॅलन पाणी मावतं. कोळशाच्या इंजिनात तो फावड्यानेच टाकावा लागतो, यांत्रिक पुरवठा नाही.

गेल्या काही वर्षांत काही इंजिनं कोळशावरून तेलावर नेली आहेत. शौकिनांची कुरकूर चालू आहे, पण कारण सबळ आहे. कोरड्या उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते. २०१० च्या जूनमध्ये लोबॅटो पुलाला आग लागली आणि त्या हंगामात मार्ग मधूनच तुटला. पूल २०११ मध्ये पुन्हा सुरू झाला. गाडीमागून थोड्या अंतराने एक छोटी मोटारट्रॉली धावते, ती ठिणग्यांनी कुठे गवत पेटलं का ते बघत येते. तेलाच्या इंजिनात कण कमी उडतात, पण नळ्यांत काजळी धरते. मग फायरमन अग्निपेटीत मूठभर वाळू फेकतो, ओढीबरोबर ती नळ्या खरवडत जाते आणि धुराड्यातून एकदम काळाकुट्ट लोट येतो. त्याला बिघाड समजून घाबरू नका. कोळशाचं इंजिनच हवं असेल तर तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. उत्तर मिळतं, पण हमी मिळत नाही, कारण ऐनवेळी इंजिन बदलावं लागतं.

तिकिटाचे पर्याय तीन तऱ्हांचे. पूर्ण मार्ग एका बाजूने गाडीने आणि दुसऱ्या बाजूने बसने. चामाहून मधल्या ओझियरपर्यंत जाऊन परत. किंवा अँटोनिटोहून ओझियरपर्यंत जाऊन परत. शिवाय काही दिवस छोट्या फेऱ्या आणि खास गाड्या असतात. हंगाम साधारण मेअखेर-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. कोणत्या वारी कोणती फेरी हे दरवर्षी बदलतं, म्हणून त्या वर्षीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय हॉटेल ठरवू नका.

पूर्ण मार्ग करायचा तर दिशा महत्त्वाची, आणि इथेच बरेच जण फसतात. अँटोनिटोहून निघून चामाला उतरलात तर घाटाचे शेवटचे साडेतेरा मैल उतार. उतारावर इंजिन जवळजवळ गप्प असतं, काम ब्रेकांचं. चामाहून निघालात तर गाव सुटताच इंजिन पूर्ण जोर लावतं, दर फुत्कार वेगळा ऐकू येतो, वळणावर तो समोरच्या कड्यावरून परत येतो. तोच प्रवास, तेच पैसे, आणि फरक जमीन-अस्मानाचा. त्यामुळे आमचं मत: मोटार अँटोनिटोला ठेवा, सकाळी बसने चामाला या, आणि गाडीने परत अँटोनिटोला जा. बस राज्यमार्ग १७ ने साधारण तासाभरात पोहोचवते. संध्याकाळी दमून बसमध्ये बसावं लागत नाही, गाडीतून उतरलं की मोटार समोर. बस आधी असलेली फेरी रोज असतेच असं नाही. आरक्षण करतानाच विचारा.

मग यार्ड सातला कसं बघायचं? आदल्या रात्री चामात राहायचं, सकाळी यार्ड बघायचं, आणि दहाच्या गाडीने अँटोनिटोला जाऊन बसने परत यायचं, हा दुसरा मार्ग. बसचा शेवट सहन करायची तयारी असेल तर हाच उत्तम.

अर्धा मार्ग करणार असाल तर चामा-ओझियर-चामा घ्या, बिनदिक्कत. २६ मैलांत घाट, विंडी पॉइंटची कड्यावरची वाट, दोन्ही मोठे पूल आणि कंब्रेसपलीकडचं टँगलफूट वळण येतं. तिथे रूळ स्वतःच्याच शेजारून परत फिरतात आणि खालच्या रुळावरून आपण नुकताच सोडलेला रूळ दिसतो. या फेरीत चुकतात ते दोन बोगदे आणि टोल्टेकची दरी. ते ओझियरच्या पूर्वेला आहेत. अँटोनिटो-ओझियर फेरीत ते मिळतात, पण ३८ मैलांतला सुरुवातीचा मोठा भाग खुरट्या झुडपांच्या माळातून वळणं घेत जातो. माळ ज्याला आवडतो त्याला आवडेल. लहान मुलं तासाभरात कंटाळतात.

लोबॅटो पूल १०० फूट उंच, चामापासून साडेचार मैलांवर. गाडी लांब असली आणि पुढे दोन इंजिनं लावली असली तर इथे थांबून पुढचं इंजिन सोडतात. ते एकटं पूल ओलांडतं, मग उरलेली गाडी पलीकडे जाते आणि पुन्हा जोडणी होते. दोन के-३६ लागोपाठ पुलावर आली तर भार एकाच जागी पडतो, आणि हे पूल एकोणिसाव्या शतकातल्या, बऱ्याच हलक्या इंजिनांच्या हिशेबाने बांधलेले. मालगाड्यांच्या काळात म्हणूनच मदतीचं इंजिन गाडीच्या शेवटाकडे, गार्डाच्या डब्याच्या पुढे लावत. भार विखुरला जाई, आणि कपलिंग तुटून वाघिणी मागे पळण्याचा धोकाही कमी. कर्जतकरांना हे तर्कशास्त्र पाठ आहे. कॅस्केड पूल १३७ फूट, मार्गावरचा सर्वांत उंच, ओझियरच्या अलीकडे. तो बघायला उघड्या डब्यात जा.

उघडा डबा प्रत्येक गाडीला असतो, कोणत्याही वर्गाच्या तिकिटावर तिथे उभं राहता येतं. साध्या वर्गाच्या खिडक्या उघडतात, पार्लर वर्गात फक्त प्रौढांना प्रवेश, खुर्च्या मोठ्या, खाणंपिणं हाताशी. पार्लरचे जादा पैसे द्यावेत का? गुडघे दुखत असतील किंवा पावसाळी दिवस असेल तर जरूर. एरवी निम्मा वेळ उघड्या डब्यात उभं राहणारा माणूस रिकाम्या खुर्चीचं भाडं भरतो. एक प्रामाणिक नोंद: डबे जुने दिसले तरी त्यांतले बरेच नंतरच्या काळात मालवाहू सांगाड्यांवर बांधलेले आहेत. खडखडाट आणि हिसके त्यामुळेच. अस्सल जुना लाकडी डबा हवा असेल तर १८८३ च्या छोट्या १६८ क्रमांकाच्या इंजिनामागे अधूनमधून निघणारी खास गाडी शोधावी लागेल.

कंब्रेसला गाडी थांबते ती केवळ फोटोंसाठी नाही. चामाकडे उतरणाऱ्या गाडीची इथे ब्रेक-तपासणी होते आणि प्रत्येक डब्याची एक छोटी झडप हाताने फिरवतात. ही झडप ब्रेकच्या नळकांड्यातली हवा एकदम सुटू देत नाही. लांब उतारावर ड्रायव्हरला मधे मधे ब्रेक सोडून हवेच्या टाक्या पुन्हा भराव्या लागतात. त्या काही सेकंदांत गाडी मोकळी सुटली तर १:२५ वर वेग आवरत नाही. झडपा लावल्या की टाक्या भरेपर्यंत चाकं धरलेली राहतात. खाली पोहोचेपर्यंत चाकं चांगलीच तापलेली असतात आणि ब्रेकच्या लोखंडाचा वास येतो, तो इथे नेहमीचाच.

ओझियर ९,६३७ फुटांवर. १८८० च्या दशकातलं ठाणं, आज तिथे जेवणाची मोठी खोली. दोन्ही बाजूंच्या गाड्या इथे भेटतात, म्हणून एकदम गर्दी होते. जेवण तिकिटात धरलेलं असतं. टर्की, मीटलोफ, सूप, सॅलड आणि 'पाय' हा गोड पदार्थ असा बेत. शाकाहारी माणसाला सॅलड, ब्रेड आणि गोड मिळतं. बटाट्याचा लगदा घेताना वरची ग्रेव्ही नको म्हणून सांगा, ती मांसाच्या रसाची असते. सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा. काटेकोर पाळणाऱ्यांनी सरळ दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी बरोबर ठेवावीत. सहा तासांचा प्रवास आहे, उंचावर भूक मंदावते आणि मग एकदम लागते. पाणी प्रत्येकी दोन लिटर. थांबा साधारण तासाभराचा. आधी जेवा, मग फिरा, कारण शिटी वाजल्यावर उशिरा आलेल्यांसाठी गाडी घुटमळत नाही, आणि ओझियरहून दुसरं वाहन नाही.

ओझियरपासून पूर्वेला टोल्टेकची दरी: रूळ कड्यावर, रिओ दे लोस पिनोस नदी सहाशे फूट खाली. इथला बोगदा अखंड खडकातला, अस्तराशिवाय उभा आहे. त्याच्या पुढचा 'मड टनेल' मात्र ज्वालामुखीच्या मऊ राखेतला. ओल लागली की त्याचा चिखल होतो, म्हणून आत सबंध लाकडाचं अस्तर. दोन बोगदे चार मैलांच्या आत, आणि दगड इतका वेगळा. मधल्या फँटम वळणावर उभे सुळके आहेत. रात्री इंजिनाच्या दिव्यात त्यांच्या सावल्या हलत, त्यावरून ते नाव. दरीच्या तोंडाशी एक छोटं दगडी स्मारक दिसेल, राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचं. देशभरातल्या तिकीट एजंटांच्या संघटनेची सहल २६ सप्टेंबर १८८१ ला इथे होती. गोळी लागलेल्या गारफील्ड यांचं त्या महिन्यात निधन झालं होतं, आणि एजंटांनी इथेच शोकसभा घेतली. रेल्वेच्या तिकीटवाल्यांनी उभारलेलं राष्ट्राध्यक्षाचं स्मारक, दहा हजार फुटांच्या आसपास, जिथे मोटार पोहोचत नाही!

प्रत्येक गाडीत 'फ्रेंड्स' या स्वयंसेवी संस्थेचे माहीतगार असतात. संस्था १९८८ ची. उन्हाळ्यात सदस्य स्वखर्चाने येऊन वाघिणी रंगवतात, फळ्या बदलतात. इंजिनाबद्दल विचाराल तर ते दिवसभर बोलतील. तुम्ही गावांबद्दलही विचारा, कारण दोन्ही गावांचा इतिहास रुळांपेक्षा गुंतागुंतीचा आहे.

अँटोनिटो हे रेल्वेने कागदावर आखलेलं गाव. मैलभरावर कोनेहोस हे स्पॅनिश बोलणाऱ्यांचं आधीचं गाव होतं, तिथलं ग्वादालुपे मातेचं चर्च कोलोरॅडोतल्या सर्वांत जुन्या कॅथलिक धर्मग्रामाचं मानतात. कंपनीने रूळ कोनेहोसला न नेता बाजूने नेले आणि आपलं गाव वसवलं. इथूनच एक फाटा दक्षिणेला सांता फेपर्यंत जायचा, लोक त्याला 'चिली लाइन' म्हणत. तो १९४१ मध्ये बंद झाला आणि जंक्शन म्हणून असलेला अँटोनिटोचा तोरा गेला. काळ्या ज्वालामुखी दगडाचं जुनं स्टेशन गावात अजून उभं आहे. पर्यटक गाडीचं स्टेशन वेगळं, गावाबाहेर. पत्ता नीट बघा, नाहीतर जुन्या स्टेशनाशी जाऊन थांबाल. याच गावात १९०० मध्ये स्पॅनिशभाषक कामगारांनी परस्पर मदतीची संस्था काढली: वर्गणी भरायची, आजारपणात आणि मयताला संस्थेने हात द्यायचा. आपल्याकडच्या मयत फंडासारखंच. तिची मातीच्या विटांची इमारत मुख्य रस्त्यावर आहे. पाच मिनिटं थांबून बघावी अशी.

चामाच्या दक्षिणेला पंधराएक मैलांवर तिएरा अमारिया. मेक्सिकोच्या काळात, १८३२ मध्ये, इथली जमीन वसाहतीला मिळाली होती. चराई आणि लाकूड सर्वांचं. अमेरिकन कायद्याखाली ती वकील आणि जमीनदारांच्या हाती गेली, कुंपणं पडली. तो राग ५ जून १९६७ ला उसळला, आणि रायेस लोपेस तिहेरिना यांच्या साथीदारांनी तिथल्या कोर्टावर सशस्त्र हल्ला केला. म्हणजे मालगाड्या बंद व्हायच्या जेमतेम वर्षभर आधी. ती कोर्टाची इमारत आजही वापरात आहे. सांता फेकडून महामार्ग ८४ ने चामाला येत असाल तर वाटेतच लागते.

ड्युरँगो-सिल्व्हरटन की ही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तीच कंपनी, तेच रूळ, के-३६ ची चार भावंडं तिकडे आहेत. तो मार्ग ४५ मैलांचा, नदीकाठाने जातो, खासगी मालकीचा, आणि दुसऱ्या टोकाला सिल्व्हरटनसारखं खाणगाव मिळतं. हॉटेलं, जेवण, दुकानं हवी असतील, बरोबर मोठं कुटुंब असेल, तर तिकडे जा. रेल्वे कशी चालायची हे बघायचं असेल तर चामा. पैसे अजिबात खर्च करायचे नसतील तरी चामाच: राज्यमार्ग १७ चामापासून कंब्रेसपर्यंत रुळांच्या आसपास राहतो. दहाची गाडी निघाली की मोटारीने पुढे जाऊन दोन-तीन ठिकाणी थांबलात तर चढाचा सगळा तमाशा फुकट. कंब्रेसनंतर रूळ रस्ता सोडतात, तिथून पुढे पाठलाग जमत नाही.

राहण्या-खाण्याबद्दल थोडक्यात. चामात मोटेल आणि लाकडी खोल्या पुरेशा आहेत, मात्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, अॅस्पेनची झाडं पिवळी होतात तेव्हा, काही महिने आधी आरक्षण लागतं. उपाहारगृहात 'लाल की हिरवी?' असं विचारतील. प्रश्न मिरचीच्या रश्शाचा आहे. दोन्ही हवे तर 'क्रिसमस' म्हणायचं. हिरवी झणझणीत असते, आपल्यालाही लागते. पण शाकाहाऱ्यांनी जपून: हिरव्या रश्शात बरेचदा डुकराचं मांस असतं आणि राजम्यासारखे पिंटो बीन्स चरबीत शिजवलेले असू शकतात. चीज एन्चिलाडा सांगताना रश्शाचीही चौकशी करा. मधाबरोबरची सोपापिया जरूर खा, पुरीची लांबची बहीण. तळण मात्र विचारून.

बिघडतं ते बहुधा तीन गोष्टींनी. पहिली उंची: समुद्रसपाटीच्या शहरातून विमानाने येऊन दुसऱ्याच दिवशी गाडीत बसलात तर कंब्रेसला डोकं ठणकतं, मळमळतं. एक रात्र सांता फे किंवा आलामोसाला काढा; दोन्ही सात हजार फुटांच्या वर आहेत. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्या आई-वडिलांना नेण्याआधी डॉक्टरांना विचारा. मार्गाच्या मोठ्या भागात रस्ता नाही आणि फोनला रेंज नाही. दुसरी डोळे: उघड्या डब्यात साधा गॉगल पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला चष्मा लावा. कण गेलाच तर चोळू नका, पाण्याने धुवा. पांढरे कपडे नकोत. तिसरी थंडी: जुलैतही वर जाकीट लागतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी हमखास वीज-पाऊस येतो, म्हणून सकाळचं ऊन बघून फसू नका.

डेन्व्हरहून अँटोनिटो साधारण २५० मैल, आलामोसावरून. सांता फेहून चामा सुमारे दोन तास. आलामोसाच्या पुढे आणि एस्पान्योलाच्या पुढे पेट्रोलपंप विरळ होतात, टाकी तिथेच भरा. राज्यमार्ग १७ वर अंधार पडल्यावर हरणं आणि एल्क रस्त्यावर येतात. अँटोनिटोला गाडी संध्याकाळी पोहोचते, तेव्हा ती रात्र तिथे किंवा आलामोसाला काढा. त्याच रस्त्याने रात्री खिंड ओलांडू नका.